टाळीची जागा

ती घटना आठवली की आजही माझा हात आपसूक 'सेव्ह'चं बटण शोधतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्यात नवाकोरा फौजदार, तपासापेक्षा नकलांसाठीच जास्त प्रसिद्ध. मोठ्या साहेबांची नक्कल रंगात आली तेव्हा साहेबच मागं उभे होते. बक्षीस म्हणून आठवडाभर उन्हातला बंदोबस्त मिळाला.

अशात एक निवृत्त सुभेदार ठाण्यात आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"फौजदार, एकतर मला आत टाका, न्हाईतर माझा आवाज चोरणारा धरून आणा."

त्यांची भाची कडेगावकडची. तिचं लग्न दोनदा मोडलं होतं. दोन्ही वेळा मुलाच्या घरी फोन गेला: 'मी मुलीचा सख्खा मामा. पोरीला फिट येती. तुमाला फसवत्यात. जयहिंद.' आवाज हुबेहूब सुभेदारांचा. बहिणीनं त्यांना दार बंद केलं. आता तिसरी सोयरीक आमच्या हद्दीत जमली होती.

"बहिणीनं निरोप धाडलाय, पोरीला मांडवात तुमी आणायचं न्हाई. मामा जिता असून?"



तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवली, पण मी दखल घेतली. नवरदेवाच्या भावाकडे घरी कॉम्प्युटर होता. मासिकाबरोबर आलेल्या सीडीत रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर सापडलं. फोनच्या रिसीव्हरला चिकटपट्टीनं माइक बांधला. भावानं मला शिकवलं, "साहेब, फोन आला की हा लाल गोल दाबा."

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. मी लाल गोल दाबला. पडद्यावर आवाजाचे डोंगर उठले. आम्ही तीनदा ऐकलं, एकमेकांच्या पाठी थोपटल्या, आणि वीज गेली. वीज आली, पण आवाज काही आला नाही.

"साहेब, सेव्ह केलं हुतं न्हवं?"

"ते कुठं असतं रं?"

भाऊ डोकं धरून बसला. माझे कान मात्र शाबूत होते. 'जयहिंद' म्हटल्यावर फोनवरचा माणूस फोन ठेवण्याआधी दोन सेकंद थांबला होता. खरे सुभेदार थांबत नाहीत, तोफेसारखे बोलत सुटतात. ती जागा मी ओळखली. स्टेजवरचा नकलाकार तिथं लोकांना हसायला वेळ देतो. ती टाळीची जागा. मीही तिथंच थांबतो.

मुलीच्या गावातला सलूनवाला माझा खबऱ्या होता. त्याला विचारलं, सुभेदारांची नक्कल कोण करतं?

"मुलीचा आतेभाऊ की! दर गणपतीत करतो. आन् सांगत फिरतो, मामाची पोरगी म्हंजी माझा हक्क."

आतेभावाला त्याच कॉम्प्युटरसमोर बसवलं. दोन पंच बाजूला. तासभर त्याचं एकच: "म्या न्हाई, साहेब."

"मग तुझा आवाज ऐक," असं म्हणून मी सकाळीच भरून, सेव्ह करून ठेवलेली माझी नक्कल लावली: 'मी मुलीचा सख्खा मामा. हे लग्न करू नका. जयहिंद.' मुद्दाम वाईट केलेली, नाकात बोललेली. शाळेपासून नकला करतोय, पण वाईट करताना पहिल्यांदाच घाम फुटला.

एकदा लावली. त्याच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्यांदा लावली. तो खुर्चीत चुळबुळला. तिसऱ्यांदा लावली, तसा उठलाच.

"आवं साहेब, ही काय नक्कल हाय व्हय? सुभेदार नाकात कवा बोलत्यात? असं हुतं बगा…"

आणि गड्यानं अख्खा फोन करून दाखवला. मी न घेतलेलं फिटचं नावही घेतलं. 'जयहिंद' म्हणून थांबला. त्या जागेत मी टाळी वाजवली. नवरदेवाच्या भावाचं बोट केव्हाच लाल गोलावर पडलं होतं.

मग सेव्ह केलं. दोनदा.

कोर्टात ते किती टिकलं असतं, देव जाणे. बहिणीसमोर टिकलं. ऐकून झाल्यावर ती उठली आणि थेट सुभेदारांच्या दारात जाऊन उभी राहिली.

या तपासानं मला शिकवलं ते एवढंच: माणूस गुन्हा कबूल करायला तयार नसतो, पण आपली कला दुसऱ्यानं बिघडवलेली त्याला बघवत नाही. ज्या खोडीपायी मी उन्हात उभा राहिलो होतो, तीच कामाला आली, याचा अभिमान आजही आहे.

लग्नाला गेलो होतो. मुलीच्या मामांना पुकारा झाला आणि सुभेदार परेडच्या चालीनं भाचीला मांडवात घेऊन आले. अक्षता पडल्यावर माझ्यासमोर येऊन ताठ उभे राहिले.

"जयहिंद, फौजदार," म्हणाले, आणि थांबले. ती तोफ मी पहिल्यांदाच थांबलेली पाहिली.

ती टाळीची जागा नव्हती. मी सलाम ठोकला.