निकालानंतरची मैत्री

लिमये सर सायबर कॅफेत शिरताना चपला दाराबाहेर काढत. कॅफेवाल्याची तशी काही अट नव्हती. पण जिथे शिकवायचं तिथे चपला घालून जायचं नाही, हा त्यांचा नेम. कॉलेजात वर्गाच्या दाराशीही ते तेच करत. मग त्यांच्या मागून येणारी आमची टी.वाय.ची वरातही अनवाणी. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण दाराशी चपला दिसल्या की मला अजून अभ्यास आठवतो.

दोन हजार सातच्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीच्या कॉलेजात ते आम्हाला अर्थशास्त्र शिकवत. निवृत्तीला आलेले, आणि खवचट म्हणजे किती! कुणाचं उत्तर चुकलं की म्हणत, "छान. आता बरोबर काय ते सांग." त्यामुळे वर्गात तोंड कोण उघडणार? दुपारी वर्ग ओस आणि कॅफे भरलेला. सगळे मैत्री जुळवायच्या एका साइटवर एकमेकांना स्क्रॅप, म्हणजे निरोप, टाकत बसलेले. सर एकदा आम्हाला हाकलायला म्हणून आले, आमच्या मागे उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि मग शेजारची खुर्ची ओढून म्हणाले, मलाही एक खातं उघडून द्या.

आठवड्याभरात त्या साइटवर सरांची अर्थशास्त्राची कम्युनिटी सुरू झाली. रोज संध्याकाळी एक प्रश्न. शेजारच्या भाट्ये गावात नारळ स्वस्त आणि रत्नागिरीच्या बाजारात महाग, तर मधले पैसे कोण खातं? वर्गातले मुके तिथे तावातावाने भांडत. मी तर पानंच्या पानं लिहायची. सरांची उत्तरं पत्रासारखी, शेवटी "कळावे" असायचंच.

फक्त फ्रेंड रिक्वेस्ट ते घेत नसत. नाकारतही नसत, नुसती ठेवून देत. मी धीर करून विचारलं तेव्हा म्हणाले, "मैत्री म्हणजे काय संक्रांतीचं वाण आहे गो, येईल तिच्या हातावर ठेवायला? निकाल लागू दे, मग बघू." आम्ही आपला सोयीचा अर्थ काढला: पास व्हा, मित्र व्हा.

कॅफेत कुणीतरी माझ्या खांद्यावरून सरांना पाठवलेली ती रिक्वेस्ट वाचली आणि अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या आंबाबागेत पोचेपर्यंत बातमी चांगली पिकली. मुलगी मास्तरशी मैत्री करते! अण्णांनी मला घेऊन थेट प्राचार्यांची केबिन गाठली. मुलीचं कॉलेज आजपासून बंद, आणि या मास्तरला घरी बसवा, एवढंच त्यांचं म्हणणं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर आले. चपला दाराशी काढल्या, प्राचार्यांच्या कॉम्प्युटरवर आपलं खातं उघडलं आणि बाजूला झाले. मित्र: शून्य. पडून राहिलेल्या रिक्वेस्टींत आमचा सगळा वर्ग, आणि त्यातच खुद्द प्राचार्य. त्यांचा कसला निकाल लागायचा होता कोण जाणे.

अण्णा त्या शून्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "एवढी वर्षं शिकवताय, नि एकसुद्धा मित्र नाही?"

"आहेत की," सर म्हणाले. "त्यांना इंटरनेट येत नाही."

अण्णा उठले आणि मला तासाला जा म्हणाले. माझं कॉलेज चालू राहिलं, सरांची कम्युनिटीही. आणि एवढं सगळं होऊन, पानंच्या पानं लिहिणारी मी नेमकी अर्थशास्त्रातच नापास झाले. अण्णांसमोर उभं राहायची लाज वाटत होती. निकालाच्याच संध्याकाळी माझं खातं कायमचं बंद करायला म्हणून कॅफेत गेले.

सरांच्या पानावर शून्याचा एक झाला होता. तो एक म्हणजे मी. माझ्या पानावर त्यांचा स्क्रॅप होता:

"चि. मंजिरी, पास झालेल्यांना आज पुष्कळ मित्र आहेत, ते थांबतील. उद्या सकाळी पुस्तक घेऊन घरी ये. अण्णांनाही आण, त्यांना माझे मित्र बघायचे होते. कळावे."

मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अण्णा माझ्याआधी तयार होऊन पडवीत बसले होते.