न मिळालेला ‘ये’

कोल्हापूरच्या स्टँडवरून बंगळूरची बस सुटत होती. मी खिडकीतून म्हटलं, "बाय, पप्पा."

"बाय काय बाय? येतो म्हण की!"

पप्पा शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. यंत्रांच्या खडखडाटाच्या वर आवाज काढायची सवय, त्यामुळे अख्खी बस वळून बघायला लागली. आमच्याकडे बायकाही ‘येतो’च म्हणतात. मी इंग्लिश मीडियमची. लाजून नुसती हसले. शेवटी तेच म्हणाले, "बरं, ये." मोठ्यांनी ‘ये’ म्हटल्याशिवाय आमच्या घरातून कुणी पाय उचलत नाही.

बंगळूरच्या कॉल सेंटरमध्ये पहिला महिना हातात आरसा होता. ट्रेनर सांगायची, इंग्रजी ‘गो’मधला स्वर एका जागी थांबत नाही. एका स्वरातून निघतो आणि न तुटता दुसऱ्याकडे सरकतो. शेवटी ओठ गोल झालेले दिसले पाहिजेत. स्पेलिंगवर विसंबू नका. ‘गो’त नुसता ओ, ‘कोट’मध्ये ओ-ए, ‘स्नो’त ओ-डब्ल्यू, पण सरकणं तेच. सगळी शाळा इंग्रजीतून करूनही माझे ओठ जागचे हलत नव्हते. रूमवर ‘होम, होम’ घोकलं. पास झाले.

मग पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. हात सुधारला, वाचा नाही. आई फोनवर म्हणाली, "गोऱ्या लोकांसाठी तोंड वळवायला शिकलीस न्हवं? आता पप्पास्नी बी शिकीव की."

चार दिवसांची रजा मिळाली. तोच आरसा घेऊन मी त्यांच्यासमोर बसले. जबडा सैल सोडा, ओठ ताणा. डावी बाजू हलेना. ‘आ’ निघायचा आणि तिथंच राहायचा, पुढे सरकायचाच नाही. चौथ्या दिवशी त्यांनी आरसा पालथा घातला.

निघताना मी दारात उभी राहून म्हटलं, "येतो, पप्पा." शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्यानं. त्यांनी तोंड उघडलं. मी थांबले. बराच वेळ थांबले.

"जा बाई आता," आई म्हणाली, "गाडी चुकंल."

आमच्या घरात ‘जा’ कुणी कुणाला म्हणत नाही. आईनं म्हटलं, आणि मी गेले.

हेडसेटवर मी दिवसातून कितीदा तरी ‘होम’ म्हणते. बिनचूक येतो. माझं घर मात्र त्या दाराशीच राहिलंय. मी तिथून निघालेय, पण मला अजून कुणी ‘ये’ म्हटलेलं नाही.