कूलरची चप्पल

थांबा, हे आत्ताच सांगायचंय, न्हाईतर मला चैनच पडायची न्हाई! आमच्या घरातली कूलरची चप्पल रिटायर झाली.

म्हंजे कसंय, आमचा कूलर पत्र्याचा. हात लावला की झिणझिण्या. म्हणून त्याच्यापाशी एक रबरी चप्पल कायमची ठेवलेली. पाणी भरायचं, चप्पल घाल. बटण दाबायचं, चप्पल घाल. पाव्हणा आला तरी आई आधी चप्पल दाखवायची, मग चहा. आमाला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं.

पण ताईची लेक आता धरून धरून उभी राहायलीय. सेलूहून ताईचा फोन आला, "ती चप्पल हाय तोवर मी पोरीला घेऊन येत न्हाई."

 नातीसाठी झबली शिवून ठेवलेली आईनं.

मग मामाला बोलावलं. त्याचं वायरिंगचंच काम. मेन बंद करून त्यानं बोर्ड उघडला, तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला वायरच न्हाई!

"दाजी, हे भोक शोभेला ठेवलं का?"

आप्पा म्हणले, "इतके दिवस चाललंच की!"

मी अंगणात खड्डा खांदला. पाइप रोवला, भोवती कोळसा-मीठ भरलं, पाणी ओतलं. तिथून मामानं अर्थिंगची हिरवी वायर आत घेतली. सॉकेटबी नवं, आतून पडदा असलेलं. लेकरानं काडी घातली तरी आत जात न्हाई. कूलरला थ्री-पिन, आन मीटरपाशी करंट गळला की आपोआप पडणारा स्विच.

कूलर लावला. खट्! स्विच पडला. परत लावला. परत खट्!

आप्पा वैतागले. "तुझं नवं बटणच खराब हाय. काढ ते, डायरेक्ट जोड."

"बटण चांगलं हाय म्हणून तर पडायलंय, दाजी! करंट तुमच्या कूलरमधून गळायलाय."

पंप बाहेर काढला. त्याची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोललेली, आन आप्पांनी तिला काय लावलेलं? बोट कापल्यावर लावतात ती पट्टी!

"लय लागलं होतं का हो तिला?" मामा म्हणला. आई पदर तोंडाला लावून हसायली.

नवा पंप बसवला. स्विच पडला न्हाई. मामानं पत्र्याला टेस्टर लावला, त्याचा दिवा लागला न्हाई. आईनं तिथूनच ताईला फोन केला.

काल ताई पोरीला घेऊन आमच्या पिंगळी स्टेशनावर उतरली. आत्ता पोरगी कूलरला धरून, तोंडावर गार वारं घेत उभी हाय. आप्पा सवयीनं चप्पल शोधायलेत. ती पोरीच्याच पायात हाय, दोन्ही पाय एकाच चप्पलीत!

खरं सांगा, तुमच्याकडंबी होती का अशी चप्पल? का अजून हाय?