उरलेल्या जागेतला वेल

माझ्या चित्राचं आयुष्यात एकदाच मनापासून कौतुक झालं, आणि त्यापायी सतरा दिवस मला नीट झोप लागली नाही.

मी चित्रकलेचा शिक्षक आहे. महागावजवळच्या एका शाळेत मुलांना माठ, पेला आणि लिंबू काढायला शिकवण्यात माझं वय गेलं. तालुक्यात रानभाज्यांचा कार्यक्रम ठरला तेव्हा गावोगावच्या भिंतींसाठी एक तक्ता छापायचं निघालं. फोटो छापा, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मीच बैठकीत उठून म्हणालो की फोटोवरून झाड ओळखता येत नाही. फोटोत एखादंच पान असतं, तेही किडीनं खाल्लेलं. चित्रकार दहा पानं पाहतो आणि अकरावं काढतो. ते कुठल्याच झाडावर नसतं, पण सगळ्यांसारखं असतं. शास्त्रज्ञही हेच करतो, फक्त वर लॅटिन नाव ठेवतो. बोलून झाल्यावर मी स्वतःवरच खूश झालो. काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

तरोटा, केना, कटुले, बांबूचे कोवळे वास्ते असं एकेक काढत गेलो. रानकंद पुसदच्या बाजारातून आणला. विकणाऱ्या बाईनं फक्त कंद आणला होता, वेल रानातच राहिला होता. मग कंदच काढला. गोल, केसाळ, बटाट्याच्या थोरल्या भावासारखा. तक्त्याच्या वरच्या आणि उजव्या बाजूला मान्यवरांचे फोटो होते. भाज्यांना उरलेली जागा मिळाली होती.

छपाईच्या आदल्या दिवशी पुसदहून छापखानेवाल्याचा फोन आला.

"सर, एक साहेब गळाले."

"गळाले म्हणजे?"

"फोटो काढा म्हणते. बदली झाली म्हणते त्याहिची. आता रानकंदाच्या बाजूचा पट्टाच्या पट्टा रिकामा दिसून राह्यला. एखांदा वेल-बील सोडा ना तिथं. साहेबापेक्षा बरा दिसन."

शाळेच्या कुंपणावर एक वेल चढला होता. लांबट पानं, आणि प्रत्येक पानाचं टोक घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळून तारेला धरलेलं. कळी कुठंच नव्हती. एका दुपारी मी तो काढला. पानांच्या शिरा मोजून काढल्या, टोकांचे वेढेसुद्धा हुबेहूब. वेल कशाचा, हे मला माहीत नव्हतं आणि कोणाला विचारावंसंही वाटलं नाही. तो शोभेसाठी होता. महिरपीला कोणी नाव विचारत नाही.

तक्ता आला आणि सगळ्यांनी वेलाचंच कौतुक केलं. बाकी भाज्या ठीक आहेत सर, पण वेल! मी चारचौघांत मान खाली घालून ते कौतुक घेतलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एका तांड्यावरच्या अंगणवाडी सेविकेचा फोन आला. ती माझी जुनी विद्यार्थिनी. शाळेत असताना लिंबूसुद्धा चौकोनी काढायची.

"सर, तुमचा रानकंद सापडला! नाल्याच्या काठाले. तुम्ही काढला अगदी तस्साच. पानाचं टोकबी गुंडायलेलं. उद्या अंगणवाडीत त्याचीच भाजी करीन."

"वा," मी म्हणालो. तिनं माझं चित्र नीट पाहिलं होतं, एवढंच मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास शाळेत शिरताना कुंपणाकडे लक्ष गेलं. वेलाला पहिलं फूल आलं होतं. पाकळ्या मागे उलटलेल्या, वर लाल, बुडाशी पिवळ्या. पेटलेल्या चुलीतला जाळ जसा वर ओढला जातो तशा. हे फूल आमच्याकडे कोणालाही कळतं. कळलावी. तिचा कंद विषारी असतो, माणूस मरतो, हेही लहानपणापासून ऐकलेलं. मी तिचं चित्र काढलं होतं, शिरा मोजून काढलं होतं, आणि मला ती ओळखू आली नव्हती.

सेविकेला फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला. तक्ता आठवला: गोल कंद, त्याच्या शेजारी माझा वेल, आणि दोन्हींच्या खाली ठळक अक्षरांत एकच नाव. मी फूल तोडून रुमालात घेतलं आणि मोटरसायकल काढली.

तांडा नऊ किलोमीटरवर आहे. दोन्ही बाजूंनी कपाशी आणि सोयाबीन, मधे खड्डे. वाटेत थांबून तिसऱ्यांदा फोन लावला, तोही नुसता वाजत राहिला. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी सुमार चित्रकार असतो तर तिला तो वेल सापडलाच नसता.

अंगणवाडीसमोर मुलं ताटल्या घेऊन रांगेत बसली होती. ताटल्यांत खिचडी होती. भाजीचं पातेलं अजून चुलीशेजारी होतं.

"भाजी वाढू नका!" मी गाडीवरूनच ओरडलो. गाडी स्टँडवर लावली नव्हती, ती मागे पडली.

सेविका हातात पळी घेऊन उभी राहिली. "काहून सर? काय झालं?"

"कोणी खाल्ली?"

"कोणीच नाही. मीच चव घेतली."

मुलांना वाढण्याआधी सेविकेनं स्वतः खाऊन चव रजिस्टरमध्ये नोंद करायची, असा नियम आहे. पोरांना त्या नियमानं वाचवलं. रजिस्टर उघडंच पडलं होतं. तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: भाजी बरी, किंचित कडसर.

"किती खाल्ली?"

"चमचाभर. मंग... सकायपासून काही खाल्लं नव्हतं सर. अर्धी वाटी, भाकरीसंग."

दारात तिची सासू बसली होती. ती माझ्याकडे न पाहता बोलली, "मी म्हणलं होतं इले. हा कंद नांगराच्या फाळावानी वाकडा हाय, नको घेऊ. तं म्हणे, गोट्याची जमीन हाय म्हणून वाकला. म्हणे, सरच्या चित्रात हाय."

मी रुमाल उघडून फूल दाखवलं. म्हातारीनं तोंडावर पदर दाबला. सेविका मात्र हसली. "मले तं काहीच होऊन नाही राह्यलं सर." ते खरं होतं, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली.

शेजारच्याच्या गाडीतून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी फुलाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मोबाइल विचार करू लागला. त्यांच्या खांद्यावरून वाकलेल्या नर्सबाई म्हणाल्या, "कळलावी हाय सर ते. काय पाहून राह्यले त्याच्यात?" थोड्या वेळानं मोबाइलही त्याच निर्णयावर आला: ग्लोरिओसा सुपर्बा. डॉक्टरांनी अर्थ सांगितला. वैभवशाली आणि भव्य. मान्यवरांच्या नावाआधी लावतात तसंच काहीतरी. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं फूल पाहिलं असणार, लांबून. बाळंतपणात कळा आणते म्हणून ज्या बायांनी तिला कळलावी म्हटलं त्यांना तिच्याजवळ जावं लागलं होतं.

"आत्ता बरी दिसते त्याचा अर्थ काही नाही," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. "हे विष उशिरा चढतं. आज, उद्या, परवा. यवतमाळला हलवतो."

अँब्युलन्समध्ये यवतमाळच्या अलीकडचं लोहारा दिसेपर्यंत ती माझ्याशी बोलत होती, पोरांची खिचडी थंड झाली असेल म्हणून. दवाखान्याच्या दारात तिला पहिली उलटी झाली. मग ती थांबेनाच. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ पांढरे पडले होते आणि डॉक्टर किडनी, रक्त, हृदय असे शब्द एका दमात बोलत होते. मी वनस्पतींच्या वर्गीकरणाबद्दल बरंच वाचलं आहे. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यातलं काहीही आठवलं नाही.

तिचा नवरा माझ्यासाठी चहा घेऊन आला. "सर, तुम्ही आले म्हणून पोरं वाचले," तो म्हणाला.

मी म्हणालो, "तो वेल मीच काढला होता. चुकीचा."

"हो ना. पण मस्त काढला होता," तो म्हणाला आणि कपाला फुंकर घालू लागला. त्याला कळलं नव्हतं की काय, ते मी आजही ठरवू शकलेलो नाही.

मधल्या काळात मी सुट्टी टाकून सगळीकडचे तक्ते काढून आणले. तालुक्याच्या कार्यालयानं एक शुद्धिपत्रकही काढलं: 'रानकंदाशेजारील वेल केवळ शोभेकरिता असून त्याचा रानकंदाशी संबंध नाही.' खाली सही आणि शिक्का. ते ज्या तक्त्यांवर चिकटवायचं होतं, ते माझ्या घरात गुंडाळून पडले होते.

सहाव्या दिवशी तिला घरी सोडलं. सोडताना डॉक्टर मला म्हणाले, "अजून आठवडाभर खात्री देत नाही. यातून जे वाचतात त्यांचे बहुतेक दोनेक आठवड्यांनी केस गळतात. गळले तर घाबरू नका." तेव्हापासून मी रोज सकाळी तिला फोन करायचो आणि इकडचं तिकडचं बोलायचो. केसांचं विचारायची हिंमत होत नव्हती. ती आवाजानं थकलेली असायची. एक दिवस तिनं फोन उचलला नाही, तेव्हा मी वर्ग तसाच सोडून मोटरसायकलपर्यंत गेलो होतो. मग तिचाच फोन आला. मोबाइल चार्जिंगला होता.

त्यानंतर दोन दिवसांनी तिनंच फोन केला. रडत होती.

"सर, फणीत केस येऊन राह्यले. मूठ मूठ. वेणीच हातात आली."

मी व्हरांड्यात खाली बसलो. मुलं खिडकीतून पाहत होती.

"येऊ दे," मी म्हणालो. "पोरी, सगळे येऊ दे."

मग ती नाक ओढत म्हणाली, "तुमचं काय जाते म्हणायले! तुमाले तं पयलेच टक्कल हाये."