लुबांजवाच्या जिभेवरचा फोड

लुबांजवाच्या जिभेच्या डाव्या कडेला मसुराएवढा फोड उठला, तेव्हा मुतेसासिरा नावाच्या पोराच्या मागणीला अकरा दिवस उरले होते. दुसऱ्या कुणाला उठला असता तर त्यानं चार दिवस पेज पिऊन काढले असते. लुबांजवाचं सगळं घर त्या जिभेवर चाललेलं.

तो मुलाकडचा बोलका. मसाक्याच्या अंगाला मुलगी मागायला गेलं की मुलाच्या बापानं तोंड उघडायचं नसतं, आणि नवऱ्या मुलानं तर मानही वर करायची नसते. पांढरा पायघोळ झगा, वर काळा कोट, अशा वेषात बोलका उभा राहणार, समोर मुलीकडचा बोलका, आणि दोघांची दुपारभर गोडीगुलाबीत जुंपणार, तोवर जेवण गार होणार. वीस वर्षांत लुबांजवानं पंक्चरवाल्याला कारखानदार केलं होतं, नापासाला वकील केलं होतं. एकाला आधीच्या दोन बायका होत्या, तर त्याला "संसाराचा दांडगा अनुभव" म्हणून खपवलं होतं.

पण यंदा मसाका गावातून क्येयुने नावाचा एक नवा बोलका उगवला होता. वय तिशीच्या आत, बूट टोकदार, आवाज भोंग्यासारखा. मुतेसासिराच्या मागणीत मुलीकडून तोच उभा राहणार होता. शनिवारी त्याच्यापुढं लुबांजवाचं पाणी झालं की पुढच्या हंगामाची बोलावणी सगळी तिकडं, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

लुबांजवाची बायको नाबुन्या पहिल्या दिवशीच म्हणाली, "अवो, दाताकडं बघा आधी. कणीस खाताना मागची दाढ तुटली न्हवं का? तिचं टोक जिभेला कापतंय."

"दाढंला बोट लावायचं न्हाई. दवाखान्यातली ती पोरगी उपटूनच टाकंल. मग मी फटीतनं शिट्टी वाजवत घराण्याची नावं सांगू व्हय?"

"मग बसा वलं पोतेरं चोखत."

दाताचा विचार नको म्हटल्यावर गावानं दुसरी कारणं भराभर पुरवली. कुणी म्हणालं, अननस जास्त झाला. कुणी म्हणालं, चहा उकळता पितोस. दुकानदार म्हणाला, अंगात रक्त कमी, पालेभाजी खा, आणि पालेभाजी त्याच्याकडं नसल्यामुळं त्यानं गोळ्या दिल्या. शेजारीण नाबुन्याला कानात म्हणाली की ह्यांची ती तपासणी करून घे, हल्ली सांगता येत नाही. चर्चमधल्या म्हाताऱ्यानं तर स्वच्छच सांगितलं, "वीस वर्सं खोटं बोललास बाबा. देवानं पाटीवर न लिवता जिबंवर लिवलं."

लुबांजवाला सगळ्यांत पटलं ते क्येयुनेनं करणी केल्याचं. त्यात आपली चूक काही नव्हती आणि शत्रू मोठा ठरत होता.

उपायांनाही तोटा नव्हता. त्यानं कोमट मिठाच्या गुळण्या केल्या, त्यानं जरा बरं वाटलं, म्हणून सोडून दिल्या. फुकटच्या औषधावर कोण विश्वास ठेवणार? मग कडूपाल्याचा रस झाला. मध झाला. मध लावून ओसरीवर झोपला तर मुंग्या मिशीवर चढल्या. दुकानदारानं लाल-पिवळी कॅप्सूल फोडून तिची भुकटी फोडावर टाकली, तेव्हा लुबांजवा अंगणाला दोन फेऱ्या घालून आला. गुरुवारी मेव्हण्यानं लहान पोरांच्या तोंडाला लावतात ते जांभळं औषध आणलं. ते ओठांवर, हनुवटीवर, झग्याच्या कॉलरवर लागलं आणि कशानंही निघेना. फोड आता शेंगदाण्याएवढा झाला होता.

शनिवारी मुलीच्या अंगणात तंबू लागले. कच्च्या केळ्यांचे मटोके केळीच्या पानांत वाफलत होते, शेंगदाण्याच्या रश्शाचा वास सुटला होता. मुलाकडची माणसं टोपल्या, साखरेची पोती, कोंबडा घेऊन रांगेनं आत आली. लुबांजवा पुढं उभा राहिला आणि त्यानं नमस्काराला तोंड उघडलं.

क्येयुने टपलेलाच. "मंडळी, पावणं वाटंत जांभळीखाली थांबलं जनू! आमी जेवायला घालनार हुतो की, दादा. एवडी घाई?"

तंबू हसला. लुबांजवानं उत्तर तयार केलं होतं, पण ते जिभेपर्यंत आलं आणि फोडाला घासून परत गेलं.

मग मुलीची एक बहीण गुडघ्यावर बसून कॉफीच्या वाळल्या बियांची छोटी टोपली पुढं करू लागली. ही बी घरधन्यासमोर चावून खायची असते. चावली म्हणजे सोयरीक तोंडात घेतली. लुबांजवानं दोन बिया उचलल्या, तोंडापाशी नेल्या आणि झग्याच्या बाहीत सोडल्या. वर गालफडं हलवली, छान हलवली.

"थांबा!" क्येयुने ओरडला. "बाही झटका, दादा."

बिया चटईवर पडल्या. मुलीकडच्या आजीनं कपाळाला हात लावला. मुतेसासिराचा बाप खुर्चीतून अर्धा उठला. त्याला बोलायची बंदी, म्हणून त्यानं नुसतेच डोळे वटारले. क्येयुने आता गोड आवाजात म्हणाला, "आमच्या घरची बी ह्यांस्नी चालंना. मग आमची पोरगी कशी चालंल? उचला टोपल्या."

लुबांजवाला कळलं की आता एखादं जोरकस खोटं लागणार, आणि तेवढं लांब वाक्य बोलायची ताकद तोंडात नाही. त्यानं सरळ तोंड वासलं आणि जांभळी जीभ बाहेर काढून सगळ्या तंबूला दाखवली.

मुलीची आत्या नांतेझा ताडकन उठली. मागणीत आत्याचा शब्द बापाच्याही वर. शिवाय सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरच्या हाताखाली तिनं जन्म घालवला होता. ती मोबाईलची बॅटरी लावून त्याच्या तोंडात शिरली म्हटलं तरी चालेल.

"अगं आई! दाढ हाय का कोयता? किती दिस झालं रं हे?"

"अक... अकरा."

"आनि काय काय लावलंस?"

त्यानं बोटं मोजायला सुरुवात केली. दोन्ही हात संपले.

इथून पुढं मागणी बाजूला पडली. मुलीचा मामा म्हणाला, मला असंच कवळीनं झालं होतं. मुलाचा चुलता म्हणाला, माझ्या बायकोला लोहाच्या गोळ्यांनी गुण आला. एक म्हातारी टाचेखाली लसूण बांधायला सांगत होती. सकाळपासून एकमेकांना पाण्यात पाहणारी दोन घराणी एका जिभेवर एक झाली.

नांतेझानं सगळ्यांना गप्प केलं. घरातली मेणबत्ती मागवली, बोटावर मऊ केली आणि मेणाची गोळी दाढेच्या टोकावर दाबून बसवली. "हे आजच्यापुरतं. सोमवारी जाऊन कानस मारून घे, दाढ काडत न्हाईत त्येला. मिटाच्या गुळन्या चालू ठिव. तीन आटवडं उलटून फोड बसला न्हाई तर मोट्या डाक्टरला दाखीव, मग घरात बसू नगं. आनि आता बोल. थोडक्यात."

लुबांजवानं एक बी उजव्या दातांनी चावली. डोळ्यांत पाणी आलं, ते मुलीकडच्यांना भक्तीचं वाटलं.

"पोरगा मोटारसायकली दुरुस्त करतो," तो म्हणाला. "दुकान भाड्याचं. जमीन बापाची, ती बी वाटनीत अडकल्याली. दारू सनाला. पोरगी त्येला पसंत, त्यो पोरीला. द्या."

क्येयुनेनं चार तासांचं भाषण पाठ केलं होतं. समोर काही फुगवलेलंच नाही, तर टाचणी लावायची कुठं? मुलीच्या बापाला हे सगळं वर्षभर आधीच ठाऊक होतं. त्यानं मान डोलावली. बायका आनंदानं किंचाळल्या, ढोल वाजला, आणि त्या मुलुखात कुणाच्याही आठवणीत नाही ते घडलं, पाहुण्यांना मटोके गरम मिळाले.

सोमवारी कानस बसली. दहा दिवसांत जीभ गुळगुळीत झाली. गरम जेवणाची बातमी मात्र त्याआधीच चार गावं फिरून आली होती.

एका सकाळी पलीकडच्या गावचा एक बाप पोराच्या मागणीचं सांगायला आला. लुबांजवानं त्याला बसायला चटई दिली. "पोरगा काय करतो?"

"कंपाल्याला चपात्या इकतो. गाड्यावर."

"मंजी हाटेल हाय म्हनायचं," लुबांजवा म्हणाला. शब्द तोंडातून तेलासारखा सुटला. "दोन मजली."

बाप जरा घुटमळला. "तीन करा की, साहेब. पोरीकडचं लई लांबचं हायत, बघाय कोन जातंय."