दुसरं शील

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये माणसं उठता-बसता सॉरी म्हणतात. दारात समोरासमोर आले, सॉरी. शिंक आली, सॉरी. पाय तुम्ही त्यांच्या पायावर दिलात, तरी सॉरी तेच म्हणणार. शोभना रामटेके मात्र तो शब्द तोंडातून काढत नाही. 'एक्सक्यूज मी' म्हणेल, हसेल, बाजूला सरकेल. पण सॉरी नाही म्हणजे नाही. तिची लेक रुचा आता मिडल स्कूलला जाते. तिला आईचं हे वागणं भारी रूड वाटतं. "मॉम, जस्ट से सॉरी ना!" असं ती चारचौघांत दात आवळून पुटपुटते. आता या पोरीला कोण सांगणार, की तिच्या आईने तो शब्द एकदाच भलत्या जागी उच्चारला आणि त्यापायी बाईचं आयुष्य अडून बसलं?

रुचा तान्ही होती तेव्हाची गोष्ट. शोभनाचा नवरा प्रफुल्ल आयटीतला, तिला घेऊन नुकताच नागपूरहून इकडे आलेला. तिकडे शोभना कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. इकडे आली आणि घरात बसली. पहिलाच हिवाळा, बाहेर बर्फ, आणि पोरीला बूट नाहीत, म्हणून ती बाबागाडी ढकलत एका मोठ्या दुकानात गेली. एका हातात दुकानाची टोपली, दुसऱ्या हाताने गाडी, त्यात पोर रडायला लागलेली. तिने इवलेसे लाल बूट बाबागाडीच्या खालच्या जाळीत टाकले, वर पोरीची दुलई घसरली, आणि बूट गेले विसरून. टोपलीतल्या सगळ्या सामानाचे पैसे दिले. दारापाशी सिक्युरिटीवाल्याने अडवलं आणि दुलई उचलली.

नागपुरात असं झालं असतं तर सीताबर्डीचा दुकानदार हसून म्हणाला असता, "ताई, ते खालचं राहिलं बरं का!" आणि ताईनेही जीभ चावून पैसे काढले असते. इथे तिला एका बिनखिडकीच्या खोलीत नेऊन बसवलं. तो माणूस मोठ्या आवाजात बोलत होता, पोर किंचाळत होती. तिने प्रफुल्लला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. हळू आवाजात म्हणाला, "अगं, वाद घालू नको. सॉरी म्हण आणि सुटून ये."

आपल्याकडे हेच तर शिकवतात हो! चूक कुणाचीही असो, दोन हात जोडायचे, 'माफ करा' म्हणायचं, की समोरच्याचा पारा उतरतो आणि भांडण मिटतं. शोभनाने हात जोडले. "सॉरी सर. माय मिस्टेक. व्हेरी सॉरी." एकदा नाही, पोलीस आल्यावर त्यांच्यापुढेही. आणि पोलिसांनी लिहून घेतलं, की बाईने चोरी कबूल केली.

पुढे कोर्टात वकील म्हणाला, लढत बसाल तर महिने जातील. कबूल करा, काही दिवस कोर्टाच्या देखरेखीखाली नीट वागा, प्रकरण बंद होईल. भावाचं लग्न तोंडावर आलेलं, नागपूरचं तिकीट काढलेलं. तिने कबूल केलं. प्रकरण बंदही झालं. पण बंद झालं म्हणजे पुसलं गेलं नाही, हे बाईला फार उशिरा कळलं. शिक्षा नव्हती, तरी नावापुढे चोरीची नोंद राहिली. कुणीही तपासलं की पहिली तीच वर यायची.

बाहेर कुणाला पत्ता लागला नाही. प्रफुल्लने एका शब्दाने तिला दुखावलं नाही. दुकानातून सुटून आली त्या रात्री पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाला, "जाऊ दे शोभना. होतं असं माणसाच्या हातून."

घ्या! म्हणजे झालं होतं, असंच ना? तू घेतलेस का बूट, हे त्याने विचारलंच नाही. तो विचारेल म्हणून ती त्या रात्री थांबली, दुसऱ्या दिवशी थांबली, मग वर्षं गेली. न केलेल्या गुन्ह्याची माफी मिळालेली बाई कुणाकडे दाद मागणार? भांडावं तर नवरा इतका चांगला! फक्त दुकानातून निघताना तो सहज वाकून ट्रॉलीच्या खालच्या फळीकडे बघायचा. सहजच. प्रत्येक वेळी. ती तेवढ्यात दुसरीकडे बघायची.

रविवारी त्यांची नागपूर-अमरावतीकडची मंडळी हेमचंद्रकाकांच्या बेसमेंटमध्ये बुद्धवंदनेला जमतात. काका निवृत्त इंजिनिअर, आवाज खणखणीत. त्रिशरण होतं, मग पंचशील. पहिलं शील शोभना सगळ्यांबरोबर म्हणते. दुसरं आलं, न दिलेलं मी घेणार नाही, की तिचे ओठ मिटतात. तिसऱ्याला पुन्हा उघडतात. त्या एका ओळीला शेजारी बसलेला प्रफुल्ल आपला आवाज थोडा चढवतो, बायकोचं गप्प राहणं कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून. तिला ते कळायचं, आणि आत काहीतरी जळायचं.

गेल्या वर्षी रुचाच्या जुन्या शाळेतल्या बाईंनी शोभनाला स्वतःहून विचारलं. शाळेत एक मुलगा आला होता, ऐकू न येणारा, कुणाच्या हाताला लागत नव्हता. एका कार्यक्रमात शोभना त्याच्यापाशी बसली काय, आणि तो तिच्याकडे बघून हातवारे करत खिदळायला लागला काय! बाई म्हणाल्या, मदतनीस म्हणून या, आम्हाला तुमच्यासारखीच हवी आहे. शोभना घरी आली ती हवेतच. मग जुन्या नोंदी तपासायच्या म्हणून शाळेने बोटांचे ठसे द्यायला बोलावलं, आणि बाईसाहेब जमिनीवर. "माझे गुडघे दुखतात," असं सांगून तिने नकार कळवला. घरी येऊन पोळ्या लाटता लाटता रडली. प्रफुल्ल म्हणाला, "कशाला उगाच उकरून काढायचं? आपल्याला काय कमी आहे?"

आता मात्र तिचं डोकं सटकलं. कमी काय आहे म्हणे! तिला तिचा वर्ग हवा होता. लायब्ररीत शनिवारी वकील फुकट सल्ला देतात, असं तिने ऐकलं होतं. नवऱ्याला न सांगता ती गेली. तिथे भेटली अंतरा. आईबाप पुण्याचे, पोरगी इथेच जन्मलेली, वकील झालेली. मराठी मोडकी, पण काळीज शाबूत. सगळं ऐकून म्हणाली, "मावशी, हे इरेज होऊ शकतं. आपण पिटिशन फाइल करू. पण इमिग्रेशनवाल्यांनी विचारलं तर तरीही सांगायचं, हं. त्यांना नाही म्हणालात तर नवीन प्रॉब्लेम."

"ते ग्रीन कार्डाच्या वेळी सगळं सांगितलं होतं," शोभना म्हणाली. "लपवायचं नाहीये मला. पुसायचंय."

सरकारी वकिलाने हरकत घेतली आणि तारीख लागली. आता प्रफुल्लला सांगणं भाग होतं. तो म्हणाला, "मी येतो." सुट्टी काढली, इस्त्रीचा शर्ट घातला, कोर्टात मागच्या बाकावर बसला.

जज म्हणजे चष्मा लावलेल्या वयस्कर बाई होत्या. सरकारी वकील म्हणाला, बाईंनी तेव्हा स्वतः कबुली दिली होती. अंतराने सांगितलं, त्याआधी काही नाही, त्यानंतर काही नाही, आणि शाळेला या हव्या आहेत. जजनी शोभनाकडे पाहिलं. तुम्हाला काही सांगायचंय?

अंतराने पढवलं होतं: मला झाल्याचा पश्चात्ताप आहे, एवढंच म्हणा. शोभना उभी राहिली. सवयीने हात जुळायला लागले. सॉरी अगदी जिभेच्या टोकावर आलं. तिने हात खाली घेतले, टेबलाची कड धरली आणि इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, मी ते बूट चोरले नव्हते. ते गाडीच्या खाली राहिले. मी घाबरले, म्हणून सॉरी म्हणाले. आमच्याकडे भांडण मिटवायला म्हणतात तसं."

अंतराने डोळे मिटले. झालं, आता गेलं सगळं!

जजनी समोरचे कागद चाळले. मग म्हणाल्या, त्या दिवशी काय घडलं, याचा निवाडा आज या कोर्टापुढे नाही; तो मी देऊ शकत नाही. इतक्या वर्षांत तुम्ही कशा राहिलात, तेवढंच मी बघते. नोंद पुसावी, असा हुकूम मी देते. पुढचं प्रकरण.

म्हणजे पुसलं गेलं, पण तू चोर नव्हतीस असं कुणी म्हणालंच नाही. अंतराने मिठी मारली, "मावशी, यू स्केअर्ड मी!" म्हणाली. शोभना हसली. पण बाहेर येऊन गाडीत बसली तेव्हा तिला हलकं वाटत नव्हतं.

प्रफुल्लने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. समोर बघत म्हणाला, "तू घेतले नव्हतेस?"

"नाही."

"मग मला इतकी वर्षं सांगितलं काहून नाहीस?"

"तू विचारलं काहून नाहीस?" तिचा आवाज चढला. "मी वाट बघत होते रे! तू लगेच माफ करून मोकळा झालास. सॉरी म्हण आणि सुटून ये, कोण म्हणालं होतं फोनवर? मी तुझं ऐकलं, प्रफुल्ल."

तो अडखळत म्हणाला, "मग ते दुसरं शील? ते तू म्हणत नाहीस. मला वाटायचं, तुझं मन खातंय. म्हणून मी..."

"तू शेजारी असतोस म्हणून नाही म्हणत," ती म्हणाली, आणि आता तिला रडू फुटलं. "मी म्हटलं असतं, तर तुला ते खोटं वाटलं असतं. तुझ्या तोंडावर ते दिसलं असतं, तर मी काय केलं असतं?"

प्रफुल्लने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि कपाळ हातांवर टेकलं. तोही रडला. पार्किंगमध्ये माणसं येत-जात होती. तिने त्याला समजावलं नाही. तिला त्या दिवशी ते करायचं नव्हतं. घरी जाऊन रुचाला मात्र दोघांनी मिळून सगळं सांगितलं. पोर म्हणाली, "सो, माझ्या बूट्ससाठी?" आणि आईला बिलगली.

रविवारी नेहमीसारखी मंडळी बेसमेंटमध्ये जमली. मेणबत्त्या लागल्या, काकांनी त्रिशरण म्हटलं, पहिलं शील झालं. दुसरं आलं तेव्हा शोभनाने ते म्हटलं, वर्गात म्हणावं तसं, मोकळं आणि स्पष्ट. हेमचंद्रकाकांनी क्षणभर मान वळवून पाहिलं.

शेजारून आवाज येत नव्हता. तिने बघितलं. प्रफुल्लचे ओठ मिटलेले होते आणि डोळे भरलेले. न दिलेलं घेतलं होतं ते त्याने. इतकी वर्षं बायकोचं खरेपण खिशात घालून फिरला होता, आणि वर चांगुलपणा मिरवला होता.

तिने त्याला कोपराने ढोसलं. "म्हण की," ती हळूच म्हणाली.

सगळे तिसऱ्यावर गेले होते. प्रफुल्लने मागे राहून, एकट्याने, दुसरं म्हटलं.