चार दगडांवरचा चेहरा

आमच्या छापखान्यात म्हाताऱ्यांचा एकच चेहरा होता, उस्तादांचा. ऋषी काढायचा असो, राजाचा प्रधान असो की अंगणात बसलेला आजोबा, मी नुसतं म्हणायची, "उस्ताद, जरा इकडं बघा." समोरच्या टेबलावरचे उस्ताद हातातली लेखणी न ठेवता मान वर करायचे आणि माझं होईपर्यंत पापणीही हलवायचे नाहीत. लांब नाक, खोल डोळे, पांढरी दाढी. एवढा आयता चेहरा समोर असताना दुसरा कुठं शोधायचा?

मी सकाळी शाळेत चित्रकला शिकवायची आणि दुपारी गुलमंडीमागच्या त्या छापखान्यात मुखपृष्ठं रंगवायची. उस्ताद निजामाच्या काळात कातिब होते, म्हणजे उर्दू पुस्तकांचा मजकूर वळणदार अक्षरात लिहून देणारे. पोलीस ॲक्शननंतर उर्दूचं काम आटलं आणि ते आमच्या मालकांकडं व्रतांच्या पोथ्यांवर आले. मी कागदावर चित्र रंगवायची, ते त्याचे रंग वेगळे करून छपाईच्या दगडांवर उतरवायचे. पिवळ्याचा एक दगड, लालचा एक, निळ्याचा एक आणि काळ्याचा एक. दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, म्हणून ते माझं चित्र आरशासमोर ठेवायचे आणि आरशात बघून काढायचे. चेहरा कसा काढायचा ते मला त्यांनीच शिकवलं होतं. कॉलेजात शिकले ते नंतर विसरायला लागलं.

पोथ्यांवरचे सगळे ऋषी त्यांच्याच तोंडवळ्याचे होते, हे त्यांना ठाऊक होतं. गमतीनं म्हणायचे, "मराठवाड्याच्या आध्या बायका मेरेकू हळदकुंकू लगाते बेटी. घर में बोल्या तो मार पडेगी."

मग एकाहत्तरची लढाई आली. हॉटेलात, शाळेत, न्हाव्याच्या दुकानात रेडिओला कान लावून माणसं बसलेली. मालक म्हणाले, "पोथ्या राहू द्या आता. लढाईची चित्रकथा काढू, लई खपंल." मुखपृष्ठ त्यांच्या डोक्यात तयार होतं. आपला जवान मोठा, मागं उगवता सूर्य. त्याच्या बुटाखाली राक्षस. "राक्षस हिरवा करा, बाई. डोक्यावर टोपी, कपाळावर चंद्रकोर. वाचता येत नाय त्यालाबी कळाया पायजे, दुश्मन कोण ते."

मी हो म्हटलं. माझा हात धरून कुणी काढून घेतलं नाही, हे आधीच सांगून टाकते. उलट मला चेव आला होता. रझाकारांच्या दिवसांत आई मला कडेवर घेऊन पिशोरला नातेवाइकांकडं पळाली होती. मी तेव्हा तीन वर्षांची. मला त्यातलं काहीही आठवत नाही, पण ऐकून ऐकून ते माझंच झालं होतं. राक्षसाचे सुळे रंगवताना तेही हातात उतरलं.

जवान अर्ध्या दिवसात झाला. त्याला काही लागतच नाही. सरळ नाक, रुंद छाती, तोंडावर एक सुरकुती नाही. तो चेहरा रिकामाच ठेवायचा असतो, म्हणजे कुठल्याही घराला तो आपला वाटतो. अशा चित्रांत खरी मेहनत दुश्मनावर होते. त्याला सुरकुत्या हव्यात, डोळ्यांखाली काळं हवं, शिरा हव्यात. मी तीन दिवस त्यावर घालवले. त्या तीन दिवसांत एकदाही म्हटलं नाही, "उस्ताद, इकडं बघा." गरजच पडली नाही. हाताला ते पाठ होतं, आणि हात काय काढतोय हे मला दिसलं नाही. खरंच दिसलं नाही. वाचणाऱ्यानं विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही.

उस्ताद एरवी दोन दिवसांत दगड तयार करायचे. या वेळी पाच लागले. मालक करवादले. थंडीनं बोटं आखडली असतील, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं.

चित्रकथा छापून झाली. गठ्ठे एस.टी.नं गंगापूरला, कन्नडला गेले. क्रांती चौकातल्या स्टॉलवर दोरीला चिमटे लावून माझं चित्र ओळीनं टांगलेलं होतं. मी तिथं उगाच दोनदा जाऊन आले. संध्याकाळी एक प्रत आईला नेऊन दिली.

आईला अक्षरओळख नव्हती. ती चित्रं वाचायची, आणि आमच्यापेक्षा बारकाईनं वाचायची. जवानाकडं तिनं बघितलं न बघितलं केलं. मग खाली नजर गेली आणि तिथंच थांबली. उठून देवघरातून सोमवारची पोथी घेऊन आली आणि चित्रकथेशेजारी ठेवली. पोथीवर माझाच ऋषी होता, त्याच्या कपाळावर तिच्या बोटाचं वाळलेलं कुंकू.

"हे तर तेच बाबा हायेत," ती म्हणाली. "ह्यांला असं राक्षस कशापायी केलं गं?"

ती आणखी वाकली. राक्षसाच्या कपाळावरच्या चंद्रकोरीवर बोट ठेवलं, मग तेच बोट स्वतःच्या कपाळावरच्या कुंकवाच्या कोरीकडं गेलं. उस्तादांना तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण माझ्यासमोर बसणारे मुसलमान म्हातारे कोण ते माझ्या तोंडून ऐकून होती, आणि तिला उमगलं.

"उस्तादभाई हायेत व्हय गं हे?"

ईदेला त्यांनी पाठवलेल्या शीरखुर्म्याचा वाडगा अजून आमच्याच घरात होता. रिकामा परत करायचा नाही म्हणून राहून गेला होता. आई स्वयंपाकघरात गेली, त्यात तिळाचे लाडू भरले, वरून फडकं बांधलं. पिशोरला पळाली होती ती आई. तिला राग धरायचा माझ्यापेक्षा जास्त हक्क होता. मला म्हणाली, "उद्या घेऊन जा. आन् खाली मान घालून जा."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा उस्ताद एक जुना दगड वाळूनं घासून कोरा करत होते. मी वाडगा टेबलावर ठेवला. पाठ करून आणलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "उस्ताद, मला कळलंच नाही."

"मेरेकू मालूम था," ते म्हणाले. "पहले दिन से."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी हात धुतले, पुसले. "बोलके क्या करता? मालिक को तो वैसाच चित्र होना था. किसी का तो चेहरा लगताच." फडकं खुंटीला टांगत म्हणाले, "चार बार निकाल्या बेटी. पीला, लाल, नीला, काला. आइने में तुम्हारा चित्र भी दिखता था, मैं भी दिखता था."

मला रडू फुटलं. ते समजूत घालायला आले नाहीत, आणि बरोबरच केलं. टेबलाच्या खणातून माझं मूळ चित्र काढलं, शेजारी छापलेली प्रत ठेवली आणि म्हणाले, "कान देखो."

मी राक्षसाला टोकदार कान काढले होते, जनावराचे. छापलेल्या चित्रात ते नव्हते. हिरव्या तोंडाला, सुळ्यांच्या वर, माणसाचे कान होते. म्हाताऱ्या माणसाचे, लांब पाळीचे, त्यात पांढरे केसही. गावोगाव गेलेल्या त्या प्रतींत कुणाला ते दिसलं नसेल. दोनदा चौकात जाऊन बघून आलेल्या मलाही दिसलं नव्हतं.

"बाकी सब तुम्हारा है," उस्ताद म्हणाले. "कान मेरे हैं."

मी मालकांकडं गेले. म्हटलं, दगड पुसून टाका, मी दुसरं चित्र देते. मालक म्हणाले, "वेड लागलं का बाई? लोकं अजून मागायलेत." दुसऱ्यांदाही तेच छापलं. मी काम सोडलं नाही. सोडायला हवं होतं.

उस्ताद रोज येत राहिले. माझी चित्रं आधीइतक्याच निगुतीनं दगडावर उतरवत राहिले. आईच्या लाडवांचा वाडगा पुढच्या ईदेला भरून परत आला. काही तुटलं असं कुणी म्हणू शकलं नसतं.

लढाई संपून काही महिन्यांनी श्रावणासाठी सोमवारची पोथी नव्यानं छापायची निघाली. मी कागद ताणून बसवला, ब्रश धुतला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "उस्ताद, जरा इकडं बघा."

त्यांची लेखणी थांबली. मान वर झाली नाही. "अब नक्को बेटी," ते हळू आवाजात म्हणाले, दगड घेऊन तोंड फिरवून बसले आणि पुन्हा त्यावर वाकले. माझ्याकडं त्यांची पाठ होती, आणि थोडा डावा कान.

त्या पोथीवरचा ऋषी पाठमोरा आहे. ऋषीनं तोंड का फिरवलंय, असं बायका आईला विचारायच्या. कुंकू कुठं लावायचं ते त्यांना कळायचं नाही. आई कानाच्या पाळीला लावायची.